तळटीप : 'कामठीवरून गेलेली जळती माळ'
२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. नागपूर-कामठीकडच्या लोकांनी उल्कावर्षाव समजून मोबाइलवर टिपले ते चांग झेंग ३बी या चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असावेत, असा खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांचा निष्कर्ष. हा अग्निबाण फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटला होता. म्हणजे त्याचा रिकामा टप्पा वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरत होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. पवनपारला पोकळ गोळा सापडला. माणसे वाचली, हे नशीबच.

लेखकाने 'कचरा आपोआप खाली येतो' असे म्हटले आहे, ते अर्धेच खरे. भारताने मिशन शक्ती या क्षेपणास्त्र-चाचणीत (२०१९) फोडलेला उपग्रह जेमतेम २८० किलोमीटरवर फुटला, म्हणून त्याचे बहुतेक तुकडे विरळ हवेच्या घर्षणाने लवकर जळाले. चीनने २००७ मध्ये सुमारे ८६० किलोमीटरवर फोडलेल्या फेंगयुन उपग्रहाचे तुकडे मात्र अजून फिरताहेत. अवकाशातल्या कचऱ्याच्या वाढीच्या प्रतिमानात जमेला नवी उड्डाणे, स्फोट आणि टकरी, वजावटीला घर्षण. मेख टकरींत आहे : त्यांची शक्यता वस्तूंच्या संख्येच्या वर्गाने वाढते, वस्तू दुप्पट, तर टकरी चौपट. केसलर आणि कूर-पॅले या शास्त्रज्ञांनी हे १९७८ मध्येच मांडले. पुढे नासाच्या लिऊ आणि जॉन्सन यांनी २००६ मध्ये दाखवले की उड्डाणे पूर्ण थांबवली, तरी काही कक्षांत तुकडे वाढतच राहतील. – संपा.