सारावसुलीतून जन्मलेली सरहद्द

बार्ले गावाच्या फूटपाथवर पांढऱ्या फुल्यांची एक रांग आहे. तिच्या एका अंगाला ‘एनएल’, दुसऱ्या अंगाला ‘बी’. ही नेदरलँड्स आणि बेल्जियम यांची आंतरराष्ट्रीय सीमा. ती रस्ता ओलांडते, घरांच्या पोटातून जाते आणि वळसा घालून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळते. नेदरलँड्सच्या हद्दीत बेल्जियमचे असे 22 तुकडे आहेत, आणि त्यांच्याही आत नेदरलँड्सचे 7.

हा नकाशा कुणी नशेत काढला असावा, असंच वाटतं. पण त्याच्या मुळाशी पक्का हिशेब आहे. 1198च्या सुमारास ब्राबांटचा ड्यूक पहिला हेन्री याला ब्रेडाचा सरदार गॉडफ्री आपल्या बाजूला हवा होता. त्यानं गॉडफ्रीला जमीन दिली, पण बहुतेक पडीक. जिथं कुळं नांदत होती, नांगर चालत होता आणि सारा येत होता, त्या जमिनी त्यानं स्वतःकडेच ठेवल्या. सांगली-मिरजेच्या संस्थानांचे विखुरलेले मुलूख ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटू नये. सरंजामात महत्त्व उत्पन्नाला. सलग हद्दीची कुणाला पडली होती?

पुढं ब्रेडाची जहागीर लग्नसंबंधातून नासाऊ घराण्याकडे गेली. म्हणून त्यांचं ते बार्ले-नासाऊ, ड्यूकचं ते बार्ले-हेर्तोख. 1648च्या म्युन्स्टर तहानं नासाऊंचा भाग डच प्रजासत्ताकात गेला, ड्यूकचा स्पेनच्या ताब्यातल्या दक्षिणेत राहिला, आणि महसुलाची वाटणी देशांची सरहद्द होऊन बसली. बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर 1843मध्ये सीमा आखायला निघालेल्या आयोगानं इथं हात टेकले. 214 आणि 215 क्रमांकांच्या सीमास्तंभांमध्ये रेघ मारलीच नाही. त्याऐवजी 5,732 जमिनींची यादी केली आणि प्रत्येकीपुढं देश लिहिला.

त्या यादीनंच पुढं भांडण लावलं. दोन्ही गावांनी 1841मध्ये केलेल्या नोंदीत 91 आणि 92 क्रमांकांचे भूखंड नासाऊचे होते; 1843च्या सीमाकराराला जोडलेल्या प्रतीत ते हेर्तोखचे झाले. नक्कल करताना चूक झाली, असं डचांचं म्हणणं. दोन शेतांचा हा दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि 1959मध्ये 10 विरुद्ध 4 मतांनी बेल्जियमच्या बाजूनं निकाल लागला.

या विचित्रपणाचा फायदाही झाला. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम जवळपास गिळला, पण हेर्तोखपर्यंत पोचायचं तर तटस्थ नेदरलँड्समधून जावं लागलं असतं. बेल्जियमनं 1915मध्ये तिथं वायरलेस केंद्रच उभारलं. शेजाऱ्यांची तटस्थता अडचणीत आली; त्यांनी भोवती कुंपण घातलं.

घराचा देश कोणता, हे मुख्य दारावरून ठरतं. लोव्हेरन भागात एका घराच्या दारातूनच सीमा जाते, म्हणून त्याला दोन क्रमांक आहेत. 2020च्या करोनाकाळात सीमेवरच्या एका कपड्यांच्या दुकानाचा बेल्जियममधला अर्धा भाग पट्ट्या लावून बंद होता आणि डच अर्ध्यात विक्री चालू होती.

गावात नगरपालिका दोन, महापौर दोन. बाराव्या शतकातल्या त्या वाटणीची शेवटची सीमानिश्चिती पूर्ण व्हायला 1995 साल उजाडलं.