सरकणारी हिरवी पट्टी

तुमच्यापैकी बरेच जण शाळेतही जात नव्हते, तेव्हाची गोष्ट. इंटरनेटवर काहीतरी वाचत असताना अचानक एक चौकट उघडायची, हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायची आणि लाल अक्षरांत निकाल लागायचा: संगणकात व्हायरस आहेत! ती पट्टी म्हणजे निव्वळ हलतं चित्र होतं. साधं वेबपान तुमची हार्डडिस्क तपासूच शकत नाही, ब्राउझर त्याला तिथवर जाऊ देत नाही. पण मला या सगळ्या प्रकारात ती पट्टीच सर्वांत हुशार वाटते. निकाल झटकन दाखवला असता तर संशय आला असता. वाट पाहायला लावलं, की तपासणी खरी वाटते.

या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे ‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’. कंपनीचा कारभार युक्रेनमधल्या कीवमधून चाले. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस ही सगळी तिचीच पिल्लं. किंमत ३९.९५ डॉलर किंवा त्याहून जास्त. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला मेरीलँडच्या न्यायालयात खेचलं, तेव्हा फसलेल्यांचा आकडा दहा लाखांच्या वर गेला होता. पुढे २०१२ मध्ये एका संचालिकेवर १६ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त रकमेचा निकाल लागला.

एवढी माणसं फसली, कारण जाहिराती नामवंत संकेतस्थळांवर झळकत होत्या. कंपनी स्वतःला प्रतिष्ठित संस्थांची एजन्सी म्हणवून जागा घ्यायची. जाहिरातीत एक कोड लपवलेला असायचा. बघणाऱ्याचा आयपी पत्ता संकेतस्थळाच्या कचेरीतला असेल तर त्याला सभ्य जाहिरात दिसे, आणि घरबसल्या बघणाऱ्याला भीतीची. त्यामुळे तक्रार आली तरी संपादक म्हणणार, आमच्याकडे तर सगळं ठीक दिसतंय!

त्याच सुमारास दुसरी तऱ्हा सुरू झाली, आणि तिथे आपल्या देशाचं नाव यायला लागलं. फोनवरचा ‘तंत्रज्ञ’ विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडायला सांगतो. तिथे लाल-पिवळ्या खुणांची रांग असते. ती धडधाकट संगणकातही असते, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्याहून भारी युक्ती म्हणजे ‘असॉक’ ही आज्ञा. ती टाइप करायला लावून ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक वाचून दाखवायचा: हा तुमच्या संगणकाचा खास क्रमांक, आमच्याकडे नोंद आहे बघा! समोरचा थक्क होतो, कारण क्रमांक तंतोतंत जुळतो. जुळणारच. तो विंडोजच्या एका अंतर्गत भागाचा आहे आणि सगळ्याच विंडोज संगणकांवर सारखा असतो.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की समजावं, आणि सरळ टॅब बंद करावा. पडदाभर पसरलेला इशारा हटत नसेल तर ब्राउझरच बंद करावा.

आता नाटक मोबाइलवर आलंय. वेबपानाला फोन थरथरवण्याची सोय ब्राउझरमध्ये मिळाली आणि या मंडळींनी तीही वापरली. हातातला फोन थरथरला, की पडद्यावरचं खरं वाटतं. ‘चार घातक व्हायरसमुळे तुमचा फोन २८.१ टक्के खराब झाला आहे,’ असं एक पान वर्षानुवर्षं फिरत होतं. त्या दशांशाला दाद द्यायला हवी. नव्या कोऱ्या फोनवरही २८.१च.