तुपाच्या थेंबाखाली वाढलेला प्लेग

रोगाचा जिवाणू ओळखायचा, तर तो आधी शरीराबाहेर निर्भेळ वाढवावा लागतो, आणि त्यासाठी पात्रात जे अन्न पुरवले जाते त्याला संवर्धन माध्यम म्हणतात. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये वापरलेले जिलेटिन शरीराच्या तापमानालाच पातळ होत असे. त्यामुळे फॅनी हेस यांच्या सूचनेवरून समुद्री शेवाळापासून काढलेला अगर १८८२ च्या सुमारास प्रयोगशाळांत रुळला. मुंबईत मात्र या शास्त्राला निराळेच वळण मिळाले.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले, आणि पुढच्याच महिन्यात वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात येऊन लसीच्या कामाला लागले. लस मोठ्या प्रमाणावर हवी होती, म्हणून त्यांनी घन माध्यमाऐवजी मांसरसाचे द्रव माध्यम पसंत केले. तेही हिंदू व मुसलमान दोघांनाही चालावे यासाठी बकऱ्याचे मांस हायड्रोक्लोरिक आम्लात पचवून सिद्ध केलेले. या द्रवावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगच्या जिवाणूंना पृष्ठभागाशी हवा आणि आधार दोन्ही मिळाल्याने ते त्या थेंबांच्या खालच्या बाजूस चिकटून वाढत, आणि चंबू मुळीच हलू दिला नाही तर त्यांचे पांढुरके धागे गुहेच्या छतातून लोंबणाऱ्या चुनखडीच्या स्तंभांसारखे खाली उतरत. चंबू हलवला की धागे तळाशी बसत व वर नवे पीक येई. हा क्रम काही आठवडे चाले.

या पद्धतीचे खरे मोल ओळखीत आहे, आणि लसीच्या कीर्तीपुढे ते अकारण झाकोळले गेले. धाग्यांभोवतीचा द्रव स्वच्छ राहत असल्याने तो गढूळला तर परका जिवाणू शिरल्याची शंका घेता येई, आणि लोंबते धागे ही प्लेगच्या जिवाणूची खूण मानली गेली. १८९७ मध्ये हँकिन आणि ल्यूमन यांनी तिला दुसरी जोड दिली: मीठ अधिक घातलेल्या अगरवर हाच जिवाणू फुगून गोलसर, बेढब आकार घेतो, असे त्यांनी दाखवले.

चंबूतील पीक तयार झाल्यावर ते ६५ अंश सेल्सिअसला तासभर तापवून मारले जाई व त्यात कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. त्याच लसीची पहिली मानवी चाचणी हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःवर केली, आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना ती टोचण्यात आली.