प्रज्ञाचक्षु आणि आमचा अंध विद्यार्थी

अमरावती जिल्ह्यांतील माधानचे प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) बालपणींच दृष्टीस मुकले. तथापि त्यांनीं शंभरांहून अधिक ग्रंथ रचिले. ते दुसऱ्याकडून वाचून घेत व सांगून लिहवीत. शिष्यांचे डोळे व हात हींच त्यांचीं साधनें. परंतु अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतील अंध विद्यार्थ्यानें शिष्य कोठून आणावे? ब्रेल यांची ठिपक्यांची लिपि १८२९ सालीं प्रसिद्ध झाली. भारतीय भाषांसाठीं ती १९५१ सालीं एकरूप झाली. आतां तर संगणकच मराठी पाठ वाचून दाखवितो, आणि २०१६ च्या कायद्यानें अशा साह्यास हक्काचें रूप दिलें आहे. महाराजांस जें भक्तीनें लाभलें, तें विद्यार्थ्याच्या बाबतींत कोणाच्या सवडीवर व दयेवर सोडणें आम्हां अध्यापकांस शोभत नाहीं.