ऊन भाकरी, शिळी भाकरी

अन्नाला जात असते, हे विधान आपल्या चळवळीला नवे नाही. परंतु अन्नाची जात केवळ ‘कोण काय खातो’ यावर ठरत नाही. तेच धान्य, तेच पीठ, तीच भाकरी. पण ती एकाच्या ताटात ऊन पडते आणि दुसऱ्याच्या टोपलीत शिळी पडते, या फरकातही जात असते. आज शहरातील दुकानांत ज्वारीचे पीठ ‘ग्लूटेन-फ्री’ अशी चिठ्ठी लावून चढ्या भावाने विकले जाते. घरच्या घरी ग्लूटेनविरहित पाव आणि केक कसे करावेत, याचे वर्ग भरतात. या प्रकाराची जी हकीकत सांगितली जाते ती युरोपातील इस्पितळापासून सुरू होते आणि थेट शहरी स्वयंपाकघरात येऊन थांबते. ज्या कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रोजची भाकरी ग्लूटेनवाचूनच भाजली, त्यांना या हकीकतीत जागा नाही. ती का नाही, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. गव्हाचे पीठ पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांचे एक चिवट जाळे तयार होते. त्यालाच ग्लूटेन म्हणतात. या जाळ्यामुळे कणीक ताणली जाते, पोळी लाटता येते, पाव फुगतो आणि फुगलेला राहतो. जव आणि राय या धान्यांतही याच कुळातील प्रथिने असतात. सीलिअ‍ॅक नावाच्या विकारात ही प्रथिने पोटात गेली की शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तराची नासधूस करते. खाल्लेले अंगी लागत नाही, मूल खुरटते, रक्त कमी होते. सॅम्युएल जी या इंग्रज डॉक्टराने १८८८ साली या विकाराचे वर्णन केले आणि बरे व्हायचे तर ते आहारानेच होईल, असे म्हटले. मात्र आहारातील नेमके काय सोडायचे, हे कळायला आणखी साठ वर्षे गेली.

ते उमगले नेदरलँड्समधील विलेम कारेल डिके या बालरोगतज्ज्ञाला. त्याचा गव्हावर आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातील पश्चिम नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. या विकाराची मुले मात्र पावावाचून सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. १९५० साली डिकेने आपला प्रबंध सादर केला आणि गव्हाचा संबंध सिद्ध केला. एका उपासमारीने हे ज्ञान जगाला दिले. भूक आमच्याकडेही होती, आणि ती एका हिवाळ्यापुरती नव्हती. परंतु ती नोंदवणारी लेखणी आमच्या हाती नव्हती.

ज्वारी, बाजरी आणि नाचणी या धान्यांत ग्लूटेन नाही. त्यामुळे त्यांचे पीठ ताणले जात नाही. लाटायला जावे तर फाटते. मग ते बांधायचे कशाने? ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती त्यांनी हा प्रश्न सोडवला, तो आधणाने. उकळते पाणी पिठावर ओतले की पिठातील पिष्ट शिजून चिकट होते आणि तेच सांधा धरते. मग काठवटीत तळहाताने रेटून मळायचे, तेही एका भाकरीपुरते. कारण मळून ठेवलेला गोळा सुकतो. थापून तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे ती तडकत नाही. उलटायची, आणि शेवटी तवा उतरवून आराला लावायची. आतल्या वाफेने पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. पीठ ताजे हवे. जुने झाले की त्याची विरी जाते. बाजरीचे तर कडू पडते. म्हणून दळण थोडे, पण सारखे. आणि म्हणून पहाटेचे जाते. माझी आई शाळेची पायरी चढली नाही. पण चिमटीत पीठ घेऊन ते दळून किती दिवस झाले, हे ती सांगते. आज महागड्या वर्गांत ‘ग्लूटेनऐवजी पिष्ट शिजवून बंध आणण्याची पद्धत’ म्हणून जे शिकवतात, त्यापेक्षा हे निराळे नाही. तिथे त्याला तंत्र म्हणतात, इथे त्याला बाईमाणसाचे काम म्हणतात.

या भाकरीचा आणखी एक गुणधर्म आहे आणि आपल्या इतिहासाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ती ऊन असताना मऊ असते. गार झाली की आखडते, कारण शिजलेले पिष्ट थंड होताना घट्ट होत जाते. गव्हाची पोळी दुसऱ्या दिवशीही दुमडता येते, ज्वारीची भाकरी मोडते. म्हणजे ही भाकरी चुलीपाशी बसून खाणाऱ्याची आहे. जो चुलीपासून जितका दूर, त्याच्या वाट्याला ती तितकी कठीण येते.

आता हा साधा नियम गावगाड्यात ठेवून पाहा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुत्याची तपशीलवार हकीकत आहे. महाराने सांगावे पोचवायचे, अंमलदाराचे ओझे वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे, गावाची राखण करायची. आणि त्याबद्दल खळ्यावरचे बलुते व दारोदारची भाकरी घ्यायची. येसकर पाळी ज्याच्या घरी असेल त्याने घुंगराची काठी वाजवत गावातून फिरायचे. गावाची जेवणे उरकली की टोपलीत भाकरी पडे. एका घरची ज्वारीची, दुसऱ्या घरची बाजरीची, कुठे अर्धी, कुठे चतकोर. महारवाड्यात पोचेपर्यंत ती गार झालेली असे. उरलेले तुकडे वाळवून ठेवायचे आणि टंचाईच्या दिवसांत मीठ-मिरचीच्या पाण्यात उकळून खायचे. आमच्या बायकांच्या हातात भाकरीचे पूर्ण कसब होते; कणगीत धान्य नव्हते. ज्या मजुरणीने गावाची ज्वारी खुडली आणि मळली, तिच्या मुलांना ती ज्वारी दुसऱ्याच्या चुलीवरून, आणि तीही थंड झाल्यावर मिळे.

म्हणूनच १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळेपाके तुकडे सोडून द्या असे सांगितले, तेव्हा तो आहारशास्त्राचा उपदेश नव्हता. शिळी भाकरी हीच त्या राबणुकीची मजुरी होती. ती नाकारणे म्हणजे राबणूक नाकारणे होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनासंबंधीचे विधेयक मांडले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. या तीस वर्षांत ज्यांनी टोपली खाली ठेवली, त्यांनी उपास काढले. ऊन भाकरीचा हक्क आमच्या आधीच्या पिढ्यांनी असा, उपाशी राहून मिळवला आहे.

हे झाले रोजच्या अन्नाचे. सणाचे काय? ज्वारी-बाजरीच्या मुलखात गहू हा सणाचा. पुरणपोळी गव्हाची, लग्नातले गोडधोड गव्हाचे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतात. असे अपवाद थोडे. रोजचे ते हलके आणि सणाचे ते भारी, अशी ही उतरंड आहे, आणि तिला पहारा होता. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातील चकवारा गावाची हकीकत दिली आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्या जातभाईंना तुपातले जेवण घातले. जेवण चालू असताना सवर्णांचा जमाव लाठ्या घेऊन आला, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारले. अन्न त्यांचे, पैसा त्यांचा, पंगतही त्यांचीच. गुन्हा एवढाच, की अस्पृश्यांनी तूप खाल्ले. आमचे रोजचे अन्न हलके असावे, एवढ्याने व्यवस्थेचे समाधान होत नव्हते. आमचा सणही हलकाच असला पाहिजे, हा तिचा आग्रह होता.

तरीही आमच्या बायकांनी गहूही आपलासा केला. नागपूरकडे उपड्या मडक्यावर भाजलेली लांब रोटी आहे. सैलसर भिजवलेली, भरपूर आपटून मळलेली कणीक दोन्ही हातांवर झेलत झेलत पातळ लांबवायची आणि तापल्या मडक्यावर पसरायची. ग्लूटेनच्या ताणाचा याहून पुरता उपयोग क्वचितच कोणी केला असेल; आणि हे कसब मुख्यतः दलित बायकांनी जोपासले. ज्यांनी ताणच नसलेले पीठ बांधले, त्यांनीच ताणाच्या पिठाची शर्थ केली. तेव्हा ‘भाकरी तेवढी आमची, गहू त्यांचा’ असे म्हणणेही इतिहासाला धरून होणार नाही.

भाकरीचा भाबडा गौरवही करण्याचे कारण नाही. १९६० साली सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया या हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरिबांतील पेलाग्रा या रोगाकडे लक्ष वेधले. कातडी काळवंडून सोलते, जुलाब होतात, मन भ्रमिष्ट होते. जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगण्याचा हा परिणाम होता. डाळ, दूध, अंडी, मांस ताटात असणाऱ्याची ज्वारी त्याला बळ देते. मीठ-मिरचीबरोबर खाल्लेली तीच ज्वारी कुपोषण देते. ‘पूर्वीचे लोक भाकरी खाऊन ठणठणीत होते’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी ताटातले उरलेले कप्पेही मोजावेत.

पुढचा इतिहास झपाट्याने उलटा फिरला. १९५६ च्या करारानंतर पी. एल. ४८० खाली अमेरिकेचा गहू भारतात येऊ लागला. १९६४ साली सी. एस. एच.-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले. पीक वाढले, पण ‘हायब्रीड’च्या भाकरीला शाळूची चव नव्हती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना रेशनवर लाल मिलो मिळाली; जुनी माणसे तिच्या भाकरीचे नाव आजही तोंड वाकडे करून काढतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे दर ठरवले. जुनी उतरंड कायद्याच्या आकड्यांत जशीच्या तशी उतरली! जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. पण आमच्या वस्तीच्या दुकानात त्यातून येतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. दरम्यान ‘भरड’ धान्याला सरकारने २०१८ साली ‘पोषक धान्य’ म्हटले, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे त्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष पाळले, आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पी भाषणात त्याला ‘श्रीअन्न’ अशी पदवी मिळाली. परिणाम असा, की मोलकरणीच्या घरी रेशनच्या गव्हाची पोळी आणि मालकिणीच्या घरी ज्वारीची भाकरी. आणि ती भाकरी थापायला मोलकरीणच!

हा केवळ उपरोधाचा विषय नाही. माझ्या वर्गातील एका मुलीला सीलिअ‍ॅक विकार असल्याचे निदान झाले. बाप ऊसतोडीला जातो. डॉक्टरांनी गहू वर्ज्य सांगितला. रेशनवर गहू, वसतिगृहाच्या खानावळीत दोन्ही वेळा पोळी. भाकरी मागितली तर ‘एकीसाठी वेगळे होणार नाही’ असे उत्तर मिळाले. तिची आजी आयुष्यभर जी भाकरी खाऊन ‘हलकी’ ठरली, तीच आता नातीचे औषध आहे आणि बाजारभावाने विकत घ्यावी लागते आहे. उत्तर भारतातील पाहणीत हा विकार साधारण शंभरात एकाला आढळला. आपल्या भागात तो कमी असेल; पण खुरटलेले मूल म्हणजे उपाशी मूल, असे धरून चालणाऱ्या समाजात गरिबाचे निदान होतेच किती?

ज्यांना हा विकार नाही, त्यांनी गव्हाला भिण्याचे कारण नाही. ज्यांना आहे, त्यांना मात्र किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असलेले अन्न ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून देता येत नाही. गिरणीत आधी गव्हाचे दळण झाले असेल तर त्यामागून दळलेली ज्वारी अशा माणसाला घातक ठरते. अशा घरी ज्वारी निवडून, धुऊन वाळवून, फक्त तिच्यासाठी ठेवलेल्या जात्यावर दळणे श्रेयस्कर. काठवट आणि तवाही वेगळा हवा. सणासुदीचेही अडत नाही. १४ एप्रिलला वस्तीत केक कापतात, तो ज्वारीच्या पिठाचाही होतो. ग्लूटेनचे काम चांगल्या फेसलेल्या अंड्यांवर आणि पिकल्या केळ्यावर सोपवायचे, पीठ पातळसर ठेवायचे, आणि भट्टी नसेल तर कुकरच्या तळाशी मिठाचा थर देऊन, शिट्टी काढून, मंद आचेवर भाजायचे. त्या मुलीच्या आईने तो केला. गार झाल्यावर तो जरा भुसभुशीत झाला, पण मुलीने साऱ्यांबरोबर खाल्ला.

कार्यकर्त्यांपुढे आणि शिक्षकांपुढे कामे स्पष्ट आहेत. रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी-बाजरी निवडण्याचा हक्क मागितला पाहिजे. वसतिगृहांच्या खानावळीत भाकरी मागणाऱ्या मुलाला ती सन्मानाने मिळाली पाहिजे. आपल्या आया-आज्यांचे भाकरीचे ज्ञान, ज्ञान म्हणून लिहून ठेवले पाहिजे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) लिहून मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. त्या वाटेने प्रत्येक जिल्ह्यातून कोणी तरी चालले पाहिजे. धान्याला ‘श्री’ लावल्याने त्याचा इतिहास धुतला जात नाही. ज्या हातांनी ते धान्य पेरले, खुडले, दळले आणि थापले, त्या हातांच्या घरात ती भाकरी ऊन असताना खाल्ली जाते की नाही, हीच त्या सन्मानाची कसोटी आहे.