एका रॉडच्या पलीकडे : संधाता व्यवसायातील दुसरी पायरी

"वेल्डिंग येते का?" या प्रश्नाला होकार देणारे तरुण नागपुरात पुष्कळ आहेत. मात्र "कोणत्या पद्धतीचे, कोणत्या स्थितीत आणि कोणत्या धातूवर?" असा पुढचा प्रश्न आला की रांग झपाट्याने आखूड होते. खिडकीची ग्रील जोडणारा कारागीर आणि बॉयलरची नळी जोडणारा कारागीर या दोघांनाही आपण वेल्डरच म्हणतो. त्यांच्या कामातील जोखीम व मोबदला यांत मात्र मोठे अंतर असते. ते अंतर कसे ओलांडायचे, याची ही माहिती.

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. अशा सुपरक्रिटिकल संचाच्या बॉयलरमध्ये २२१ बारपेक्षा अधिक दाब असतो आणि त्यातील नळ्यांवर हजारो सांधे असतात. त्यांपैकी एखादा सांधा गळू लागला, तर दुरुस्तीसाठी संपूर्ण संच बंद ठेवावा लागतो. खापरखेड्याचे वीज केंद्र, कोळसा खाणींवरील अवजड यंत्रे, मोतीबागची रेल्वे कार्यशाळा, हिंगणा व बुटीबोरी येथील कारखाने या सर्वांना सांधणीचे काम लागते. परंतु त्यांपैकी कोणालाही केवळ 'रॉड ओढता येतो' एवढ्या भांडवलावर कारागीर नेमता येत नाही.

शिक्षण कोठे व कसे?

पाश्चात्त्य देशांत हे शिक्षण कम्युनिटी कॉलेजमध्ये मिळते. आपल्याकडे ते काम प्रामुख्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजेच आयटीआय करतात. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली हा व्यवसाय शिकविला जातो. राज्यात त्याला 'संधाता' असे नाव आहे. श्रद्धानंद पेठेतील शासकीय आयटीआय ही नागपुरातील जुनी व परिचित संस्था होय. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून होतात.

अभ्यासक्रम एक वर्षाचा असून किमान अर्हता आठवी उत्तीर्ण अशी आहे. त्यामुळे दहावीत अडखळलेल्या विद्यार्थ्यालाही हे दार बंद नाही. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमानुसार वर्षाला १,२०० तास शिक्षण असते आणि त्यांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे असतात. सर्वसाधारण संधाता व्यवसायाखेरीज पाइप वेल्डिंग, स्ट्रक्चरल वेल्डिंग, तसेच मिग-टिग वेल्डिंग असे स्वतंत्र व्यवसायही राष्ट्रीय यादीत आहेत. सर्वच व्यवसाय प्रत्येक संस्थेत असतात असे नाही. म्हणून प्रवेशाचा विकल्प भरताना आपल्या संस्थेत नेमका कोणता व्यवसाय आहे, याची खात्री करून घ्यावी.

चार पद्धती, चार स्वभाव

पहिल्या काही महिन्यांत विद्यार्थी सपाट पट्टीवर सरळ बीड टाकण्यास शिकतो. खरी दुसरी पायरी त्यानंतर सुरू होते. एका पद्धतीतून दुसरीत जाताना हाताच्या जुन्या सवयी मोडाव्या लागतात.

*आर्क वेल्डिंग :* रॉड आणि होल्डरची ही सर्वपरिचित पद्धत. सुरुवातीला ई-६०१३ हा सोपा रॉड हाती दिला जातो. पुढे महत्त्वाच्या सांध्यांसाठी ई-७०१८ येतो. या आकड्यांपैकी ७० हा जोडाची किमान ताणशक्ती (दर चौरस इंचाला ७० हजार पौंड) सांगतो, तर १ हा रॉड सर्व स्थितींत चालतो असे दर्शवितो. अखेरचा ८ हे लो-हायड्रोजन आवरणाचे चिन्ह. हे आवरण हवेतील ओलावा चटकन शोषून घेते. त्या ओलाव्यातील हायड्रोजन जोडात शिरला, तर काम संपल्यावर एकदोन दिवसांनीही भेग पडू शकते. म्हणून असे रॉड वापरापूर्वी ओव्हनमध्ये तापवितात आणि काम चालू असताना गरम डब्यात ठेवतात. पावसाळ्यात याची हयगय झाली, तर बाहेरून सुबक दिसणारा जोड आतून दगा देतो.

*मिग अथवा सीओटू वेल्डिंग :* येथे रॉडऐवजी तार सतत पुढे सरकते आणि वायूचे आवरण वितळलेल्या धातूचे रक्षण करते. बहुतांश धातुगाळ काढावा लागत नाही व कामाचा वेग वाढतो. त्यामुळे वाहनांचे सुटे भाग आणि फॅब्रिकेशनच्या कारखान्यांत हीच पद्धत रूढ आहे. व्होल्टेज आणि तारेचा वेग यांचा मेळ घालणे हे येथील मुख्य कौशल्य. हा मेळ चुकला तरी बीड वरून देखणे दिसू शकते, मात्र खालचा धातू वितळलेलाच नसतो. आर्क वेल्डिंगमधून आलेला विद्यार्थी येथे हमखास फसतो.

*टिग वेल्डिंग :* सुमारे ३,४०० अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकातून आर्क निघतो, एका हाताने टॉर्च धरायची आणि दुसऱ्या हाताने भरणीची तार घालायची. आवरणासाठी आरगॉन वायू असतो. पोलाद व स्टेनलेस स्टीलसाठी डीसी, तर ॲल्युमिनियमसाठी सामान्यतः एसी प्रवाह वापरतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरील ऑक्साइडचा थर वितळण्यास दोन हजारांहून अधिक अंश लागतात. एसी प्रवाहामुळे तो थर फुटून निघतो. ही पद्धत संथ आहे, परंतु तिची स्वच्छता इतर पद्धतींत मिळत नाही.

*गॅस वेल्डिंग व कटिंग :* ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची ज्योत तीन हजार अंशांच्या पुढे जाते. जोडणीसाठी तिचा वापर आता घटला असला, तरी कापणी, ब्रेझिंग व तापविण्याच्या कामात ती अद्याप लागते. ज्योत कार्बनयुक्त आहे, समतोल आहे की ऑक्सिजनयुक्त आहे, हे रंग व आकार पाहून ओळखणे ही येथील पहिली परीक्षा.

नागपूरचा उन्हाळा आणि कूलर

वायूच्या आवरणावर चालणाऱ्या पद्धतींना वारा सोसत नाही. अमेरिकेतील प्रचलित संहितेत यासाठी ताशी सुमारे ८ किलोमीटरची मर्यादा घातली आहे. एवढा वारा आपल्याला झुळुकेसारखा वाटतो. परंतु त्याने आरगॉन वा सीओटूचे आवरण विस्कटते, जोडात हवा शिरते आणि बारीक छिद्रे पडतात. पारा ४५ अंशांकडे झेपावत असताना, अंगावर चामड्याचा ॲप्रन आणि हातमोजे चढवून उभ्या असलेल्या कारागिराने कूलर आपल्याकडे वळविला, तर त्यात नवल नाही. पण तोच कूलर त्याचा जोड बिघडवितो. कूलरचा झोत आडोसा लावून जोडावरून वळविणे आणि कामाची वेळ सकाळी लवकर ठेवणे हे यावरील साधे उपाय होत.

स्थिती : सपाटपासून '६ जी'पर्यंत

वेल्डरची पातळी ठरते ती त्याला कोणत्या स्थितीत जोड देता येतो यावरून. पट्टीसाठी १ जी म्हणजे सपाट, २ जी म्हणजे आडवी, ३ जी म्हणजे उभी आणि ४ जी म्हणजे डोक्यावरची स्थिती. ४ जीमध्ये वितळलेला धातू गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध धरून ठेवायचा असतो. पाइपसाठी ५ जीमध्ये नळी आडवी व स्थिर असते. ६ जीमध्ये ती ४५ अंशांत कललेली व स्थिर असते. कारागिराला नळीभोवती स्वतः फिरावे लागते आणि एकाच जोडात जवळपास सर्व स्थिती येतात. म्हणूनच ६ जी उत्तीर्ण या दोन शब्दांना कारखान्यांत वजन आहे.

अनेक पद्धती का शिकायच्या, याचे उत्तरही पाइपच्या जोडातच आहे. जाड नळीच्या कडा घासून तिरप्या करतात आणि मध्ये दोन ते तीन मिलिमीटरची फट ठेवतात. तळचा पहिला थर, म्हणजे रूट, टिगने देतात. तो आतून गुळगुळीत आणि पूर्ण उतरलेला हवा. त्यावरील भरणीचे व शेवटचे थर लो-हायड्रोजन रॉडने देतात, कारण त्यात वेग मिळतो. म्हणजे एकाच सांध्यावर दोन पद्धती आल्या. केवळ एकच येणारा कारागीर हे काम सुरू करू शकतो, पण पूर्ण करू शकत नाही.

चूक ओळखण्याची विद्या

मधल्या पातळीवरील विद्यार्थ्याला आपल्याच कामाचा परीक्षक व्हावे लागते. कडेला पडलेली खाच, आत अडकलेला धातुगाळ, छिद्रे, अपुरी उतरण, कडा न मिसळणे आणि भेग हे प्रमुख दोष. त्यांपैकी काही डोळ्यांना दिसतात. पृष्ठभागावरील बारीक भेगा रंगद्रव्याच्या चाचणीत उमटतात. आतील दोषांसाठी अल्ट्रासोनिक तपासणी किंवा रेडिओग्राफी करावी लागते. संस्थेत मात्र सर्वांत बोलकी ठरते ती वाकविण्याची चाचणी. जोडाची पट्टी कापून यंत्रावर वाकवितात आणि ताणलेल्या बाजूवर भेग पडते का, हे पाहतात. एएसएमई संहितेनुसार सर्वसाधारणपणे ३ मिलिमीटरपेक्षा मोठा उघडा दोष दिसला, तर पट्टी नापास होते. वरून चकचकीत दिसणारे बीड या चाचणीत उघडे पडते.

प्रमाणपत्र : कायमचे नव्हे

आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र हा पाया आहे. त्यापुढे प्रत्येक कारखाना आपल्या लेखी कार्यपद्धतीनुसार कारागिराची चाचणी घेतो. भारतीय मानकांपैकी आयएस ७३१० मध्ये वेल्डरच्या मान्यता चाचण्या दिल्या आहेत. परदेशी कंत्राटांत एएसएमई विभाग ९ किंवा आयएसओ ९६०६ यांचा उल्लेख असतो. बॉयलरच्या कामासाठी इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, १९५० मध्ये वेल्डरच्या पात्रतेचे स्वतंत्र नियम आहेत.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, पात्रता पद्धतीनुसार असते. आर्कमध्ये उत्तीर्ण झालेला वेल्डर टिगसाठी आपोआप पात्र ठरत नाही. दुसरी, ती वापरावर टिकते. एएसएमई संहितेनुसार सहा महिन्यांहून अधिक काळ त्या पद्धतीने वेल्डिंग केले नाही, तर पात्रता संपुष्टात येते आणि पुन्हा चाचणी द्यावी लागते. म्हणून आपण केलेल्या कामाची नोंद तारखेसह, मालकाच्या सहीनिशी जपून ठेवणे हिताचे. कंत्राटदाराकडे काम करणारे अनेक जण हे करीत नाहीत आणि मग अनुभव असूनही चाचणीच्या रांगेत नव्याने उभे राहतात.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी हा पुढचा टप्पा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात प्रत्यक्ष काम करताना विद्यावेतन मिळते. हाताला सराव आणि कारखान्याची शिस्त या दोन्ही गोष्टी तेथेच लागतात. पुढे शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी शिल्प निदेशक प्रशिक्षण योजनेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे.

डोळे आणि फुप्फुसे

आर्कच्या अतिनील किरणांनी डोळ्यांना होणारी इजा लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊ लागते. साधा काळा चष्मा येथे निरुपयोगी आहे. आर्क वेल्डिंगसाठी सर्वसाधारणपणे १० ते १२ क्रमांकाची काच हवी. शेजारी उभ्या राहणाऱ्या मदतनिसालाही संरक्षण हवे, याचा विसर पडतो.

धुराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर काम करताना जस्ताच्या वाफांनी थंडीतापही येतो. धूर तोंडापाशी येण्याआधीच ओढून घेणारा पंखा आणि योग्य मुखपट्टी यांना पर्याय नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरची झडप व रेग्युलेटर यांना तेल किंवा ग्रीस कदापि लावू नये. दाबाखालील ऑक्सिजनशी त्याचा संपर्क आला, तर आग लागते.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

पालकांनी संस्थेत जाऊन तीन गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात. टिग आणि मिगची यंत्रे चालू स्थितीत आहेत का? प्रत्येक विद्यार्थ्याला सरावासाठी पुरेसे रॉड, तार, वायू व पट्ट्या मिळतात का? आणि कार्यशाळेत धूर बाहेर ओढण्याची सोय आहे का? यंत्रांची यादी भिंतीवर कितीही लांबलचक लावलेली असो, हात बसतो तो जाळलेल्या रॉडच्या संख्येवर.

दहावी-बारावीनंतर हा मार्ग अखेरचा पर्याय म्हणून स्वीकारला जातो, ही आजही वस्तुस्थिती आहे. परंतु ज्याचा रूट आतून स्वच्छ उतरतो आणि ज्याची पट्टी वाकविल्यावर फाटत नाही, त्याचे काम चाचणीतच दिसते. त्याला गुणपत्रिका दाखवावी लागत नाही.