भीमाशंकरची घंटा, वडगावची शरणागती आणि सालबाईचा तह

परवा डिंभ्यात टपरीवर चहा घेत बसलो होतो. टीव्हीवर कुठल्याशा दोन देशांच्या वाटाघाटींची बातमी चालू होती. कालपर्यंत एकमेकांवर बॉम्ब टाकणारे लोक आज टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले. शेजारचा एक तरुण पोरगा फटकन बोलला, "लढायची धमक संपली की तह करतात." सगळे हसले. मला उत्तर द्यायचं होतं, पण ते दोन वाक्यांत बसणारं नव्हतं. म्हणून ही मोठी पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

आपल्या दारावरून रोज गाड्या भीमाशंकरला जातात. तिथल्या आवारात एक मोठी घंटा आहे. दर्शनाच्या गडबडीत तिच्याकडे नीट कोणी बघत नाही. तिच्यावर क्रूस आहे, मेरीमातेची आकृती आहे आणि १७२९ साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तिथली ही घंटा त्यांनी इथं अर्पण केली असं सांगतात. वसईच्या वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसं पडली. तरीही किल्ला हाती आल्यावर पोर्तुगीज शिबंदीला बायकामुलांसह, मानानं निघून जाऊ दिलं. रागाच्या भरात कत्तल करता आली असती, केली नाही.

आता देवळाचं शिखर बघा. ते बांधण्याचं श्रेय नाना फडणवीसांना देतात. घंटा युद्धातली आणि शिखर तह करणाऱ्या माणसाचं. नानांना 'तह करणारा' म्हटलं तर काहींना आवडणार नाही, पण त्यांची निम्मी हयात त्यातच गेली.

गोष्ट सुरू होते ३० ऑगस्ट १७७३ ला. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. संशय काका रघुनाथरावांवर, म्हणजे राघोबादादांवर. बारभाईंनी कारभार हातात घेतला आणि पुढच्या एप्रिलात पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावाला चाळीस दिवसांचा असतानाच पेशवाईची वस्त्रं मिळाली. राघोबा इंग्रजांकडे गेले. ६ मार्च १७७५ ला सुरतेत तह केला. फौज द्या, मला गादीवर बसवा, बदल्यात साष्टी आणि वसई घ्या. घरचं भांडण परक्याच्या दारात नेलं की तो आधी भाडं ठरवतो. साष्टी म्हणजे आजचं वांद्रे, अंधेरी, बोरिवलीपासून ठाण्यापर्यंतचं सगळं. इंग्रजांनी तर तह व्हायच्या आधीच, १७७४ च्या डिसेंबरअखेरीस ठाणं घेतलं होतं.

गंमत अशी की कलकत्त्याच्या वरिष्ठांना मुंबईकरांचा हा उद्योग पटला नाही. त्यांनी कर्नल अप्टनला पाठवलं आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरावर वेगळा तह झाला. सखारामबापू आणि नाना समोर बसले होते. मुंबईकरांनी तो मनापासून पाळलाच नाही. १७७८ च्या शेवटी ते राघोबाला घेऊन बोरघाट चढले. सुमारे ३९०० सैनिक आणि सामान ओढायला एकोणीस हजार बैल! एवढे बैल घेऊन घाटातून रोज किती अंतर कापलं जाणार, तुम्हीच सांगा.

पुढचं मावळात घडलं. आपल्याकडून मंचर, चाकण, तळेगाव असं गेलं की वडगाव. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. बाजूनं त्रास देत राहिले. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. त्याच्या धाडसाचं कौतुक म्हणून आपल्याच लोकांनी त्याला 'इष्टुर फाकडा' नाव दिलं. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोचले, तर गाव जळालेलं. मराठ्यांनीच जाळलेलं, शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून. वेळ आली तर पुणंही पेटवायची तयारी होती.

इथं मी जरा थांबतो. आपण विजयाचे पोवाडे गातो, पण तळेगावच्या त्या घरांत कोणाचं धान्य होतं, कोणाच्या म्हशी होत्या, हे कोणी लिहून ठेवलं नाही. मोठ्या कारणासाठी आपलं गाव जाणं म्हणजे काय, हे आपल्या धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आंबेगावच्या लोकांना वेगळं सांगायला नको. ती आग योग्यच होती, असं माझंही मत आहे. पण ज्यांची घरं गेली त्यांना तरी कोणी विचारलं असेल का?

११ च्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात लोटल्या आणि माघारी निघाले. वडगावला चहूबाजूंनी कोंडले गेले. शेवटी महादजी शिंद्यांकडे बोलणं लावलं आणि १६ जानेवारी १७७९ ला तह झाला. १७७३ पासून घेतलेला सगळा मुलूख परत करायचा, राघोबाला सोडायचं, बंगालहून येणारी फौज थांबवायची. ओलीस म्हणून फार्मर आणि एक दुसरा स्टुअर्ट असे दोन इंग्रज ठेवून घेतले. राघोबा महादजींच्या स्वाधीन झाले.

पूर्ण विजय. तरीही फळ काय मिळालं? फौज सुखरूप मुंबईला पोचली आणि कंपनीनं तह मोडीत काढला. सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता म्हणे. राघोबाही उत्तरेकडे नेताना वाटेत निसटले. कोंडीत पकडून घेतलेली सही कोंडी उठली की किती टिकते, ते इथं दिसलं.

मग पुन्हा तीन वर्षं युद्ध. नानांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना जोडून घेतलं. गोडार्डनं १७८० मध्ये अहमदाबाद घेतलं, डिसेंबरात वसई घेतली. चिमाजी अप्पांनी एवढं रक्त सांडून मिळवलेली वसई अशी गेली. ऑगस्टात पॉपहॅमनं रात्रीतून शिडी लावून ग्वाल्हेरचा किल्ला काढला, म्हणजे महादजींच्या घरातच शत्रू शिरला. पण १७८१ मध्ये गोडार्ड बोरघाटाकडून पुण्यावर यायला लागला, तेव्हा हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकरांनी त्याला पनवेलपर्यंत झोडपत मागं लावलं. तिकडे दक्षिणेत हैदरनं इंग्रजांची एक अख्खी तुकडी संपवली होती. दोन्ही बाजू दमल्या होत्या. खजिने रिकामे.

ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजींनी कर्नल मूरशी वेगळा समेट केला आणि मधला माणूस व्हायचं कबूल केलं. वॉरन हेस्टिंग्जनं डेव्हिड अँडरसनला पाठवलं. १७ मे १७८२ ला ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावात तह झाला. पुरंदरनंतर घेतलेला मुलूख, वसईसकट, मराठ्यांना परत. साष्टी मात्र इंग्रजांकडेच. राघोबाला महिना पंचवीस हजार रुपये, आणि त्याला इंग्रजांनी पुन्हा थारा द्यायचा नाही. तह पाळला जाईल याची हमी दोन्ही बाजूंनी महादजींचीच. जो मोडेल त्याच्याविरुद्ध मी उभा राहीन, अशी ती हमी. वडगावच्या तहात हेच नव्हतं.

महादजींनी स्वतःचाही फायदा करून घेतला. भडोच त्यांना मिळालं, उत्तरेत हात मोकळे झाले. नानांना हे खुपलं असणारच. त्यात हैदरची अडचण. ज्या मित्राला सोबत लढायला बोलावलं, त्याला न विचारता त्यानं जिंकलेला मुलूख त्यानं सोडावा असं कलम तहात होतं. हेस्टिंग्जनं जूनमध्येच मंजुरी दिली, नानांनी मात्र कागद अडवून धरला. सात महिने! ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला आणि २० डिसेंबरला नानांनी मान्यता दिली. याला कोणी मैत्री निभावणं म्हणतं, कोणी भाव वाढेपर्यंत वाट बघणं. मला वाटतं दोन्ही होतं. हैदर जिवंत असेपर्यंत नानांच्या हातात एक पत्ता होता, तो गेल्यावर थांबण्यात अर्थ उरला नाही.

राघोबा कोपरगावला राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. साष्टी गेली ती गेलीच, हे मी झाकणार नाही. पण पुढची जवळजवळ वीस वर्षं मराठे आणि इंग्रज एकमेकांशी लढले नाहीत. त्या वीस वर्षांत आपल्या घाटाखालची गावं कोणाला जाळावी लागली नाहीत.

१७९४ ला महादजी गेले, १८०० ला नाना. हमी देणारा नाही आणि कागद अडवणाराही नाही. राघोबांचाच मुलगा दुसरा बाजीराव होळकरांकडून हरल्यावर पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांची फौज स्वतःच्या खर्चानं पोसायचा तह करून बसला. तो तह झाला वसईला, भीमाशंकरची घंटा जिथून आली तिथंच.

टपरीवरच्या त्या पोराला हे सांगायचं होतं, पण त्याची एसटी आली. कोणाच्या ओळखीचा असेल तर त्याला ही पोस्ट पाठवा. आणि भीमाशंकरला गेलात तर दर्शन झाल्यावर दोन मिनिटं त्या घंटेपाशी थांबा. साल स्पष्ट वाचता येतं.